बॉल जमिनीला लागला होता ना, मग ट्राय का नाही? रग्बीतला टीएमओ नक्की करतो काय

माझा आतेभाऊ अगदी क्रिकेटचा माणूस, रग्बीशी त्याचा संबंध म्हणजे चॅनल बदलताना मध्ये लागलं तर दोन मिनिटं थांबायचं एवढाच. १० फेब्रुवारी २०२४ च्या शनिवारी असाच तो थांबला आणि नेमकी लागली होती स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स, एडिंबराच्या मरेफील्डवर, शेवटची काही सेकंदं. फ्रान्स २०, स्कॉटलंड १६. ८० मिनिटं संपलेली, बॉल डेड झाला की मॅच संपणार, आणि स्कॉटलंडची सगळी माणसं फ्रान्सच्या गोललाइनवर ढकलाढकली करतायत. सॅम स्किनर बॉल घेऊन लाइनीच्या पलीकडे पडला, त्याच्यावर आठदहा माणसं पडली, रेफरी निक बेरीने सांगितलं की मला बॉल टेकलेला दिसला नाही, माझ्या मते ट्राय नाही, आता व्हिडिओ बघू. मग रिप्ले सुरू झाले. एकदा, दोनदा, पाचदा. बॉल आधी एका बुटावर, मग सरकून खाली गवतावर गेल्यासारखा. निकाल मात्र ट्राय नाही असाच आला आणि फ्रान्स जिंकलं.

पाचव्या मिनिटाला मला मेसेज, सोबत स्क्रीनचा फोटो आणि त्यावर लाल गोल काढलेला. "हा बघ बॉल, हे बघ गवत, अजून काय पाहिजे त्या माणसाला?"

त्याला फोनवर जे अर्धा तास सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये, बरीच वर्षं रग्बी बघणारी माणसंही यात गोंधळतात.

आधी खेळ, दोन मिनिटांत

पंधरा विरुद्ध पंधरा, चाळीस मिनिटांचे दोन हाफ. बॉल हातात घेऊन पळायचं, पण हाताने पास द्यायचा तो फक्त मागे किंवा आडवा, पुढे नाही. पुढे दिला तर फॉरवर्ड पास, आणि हातातून निसटून पुढे पडला तर नॉक-ऑन, दोन्हीत बॉल साधारणपणे समोरच्या टीमकडे जातो. समोरच्यांच्या गोललाइनीपलीकडे नेऊन बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण, वर किकचे २ मिळू शकतात. नुसतं लाइन ओलांडून चालत नाही, टेकवावाच लागतो. कबड्डीत रेडर पकडीत अडकलेला असताना मध्यरेषेला बोट लावायला धडपडतो ना, तसंच हे, फक्त पकड करणारे प्रत्येकी शंभर किलोचे.

म्हणजे स्कॉटलंडला तो एक ट्राय मिळाला असता तर २१-२०. एवढं सगळं त्या एका बॉलवर होतं.

टीएमओ कोण असतो

मैदानावर एक रेफरी, टच लाइनवर दोन असिस्टंट, आणि चौथा माणूस मैदानावर नसतोच, तो स्क्रीनसमोर बसलेला असतो. त्याला म्हणतात टेलिव्हिजन मॅच ऑफिशियल, म्हणजे टीएमओ. हाही रेफरीच असतो, कोणी टेक्निशियन नाही. रिप्ले शोधून देणारा ऑपरेटर वेगळा, तो त्याच्या शेजारी बसतो. २०१५ च्या वर्ल्डकपपासून या कामाला हॉक-आयची सिस्टिम आली, तीच आपली एलबीडब्ल्यूवाली, पण इथे ती बॉलचा अंदाज बांधत नाही, तर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं एकाच क्षणावर जुळवून शेजारी शेजारी दाखवते. एका खिडकीत पाय कधी टेकला, दुसऱ्या खिडकीत बॉल कधी टेकला, दोन्ही एकदम बघता येतं.

क्रिकेटवाल्यांना हे नवीन वाटायचं कारण नाही. तिसऱ्या पंचाने टीव्हीवर बघून आउट दिलेला कसोटीतला पहिला बॅट्समन आपला सचिनच, डर्बन, १९९२, रनआउट. रग्बी युनियनमध्ये ही सोय त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००० नंतर आली. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्रिकेटमध्ये तिसरा पंच निर्णय देतो. रग्बीत टीएमओ सल्ला देतो. मॅच रेफरीची, शेवटचा शब्द त्याचा, आणि तो कानातल्या इअरपीसमधून टीएमओशी बोलत असताना आपल्याला घरी सगळं ऐकू येतं. (हे मला फार आवडतं, आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगलाही असा माईक लावायला हवा.)

प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर

आता आतेभावाच्या लाल गोलाकडे येऊ. पूर्वी रेफरी टीएमओला दोन पद्धतीने विचारायचे. एक, ट्राय आहे की नाही? दोन, मी ट्राय देऊ नये असं काही कारण तुला दिसतंय का? ऐकायला सारखंच वाटतं, पण आहे अगदी उलटं. पहिल्यात टीएमओला ट्राय झाला हे दाखवून द्यावं लागायचं. दुसऱ्यात ट्राय झालाच आहे असं धरून चालायचं आणि तो चुकीचा आहे हे दाखवावं लागायचं. चित्र तेच, बॉल तोच, पण धूसर असेल तर पहिल्या प्रश्नाला उत्तर "नाही" आणि दुसऱ्याला "दे".

आता पद्धत अशी की रेफरी आधी स्वतःचा निर्णय सांगतो, मैदानावरचा निर्णय ट्राय किंवा मैदानावरचा निर्णय ट्राय नाही, आणि तो फिरवायचा असेल तर स्पष्ट पुरावा लागतो. डीआरएसमधलं अंपायर्स कॉल आठवा, बॉल स्टंपला निम्म्याहून कमी लागत असेल तर अंपायरने आधी जे दिलं तेच राहतं, मग एकाच बॉलवर एकदा आउट आणि एकदा नॉट आउट होऊ शकतं आणि दोन्ही बरोबर. इथे तसंच, फक्त टक्केवारी मोजायला मशीन नाही, एका माणसाने ठरवायचं की हे पुरेसं स्पष्ट आहे का.

बेरीने आधीच ट्राय नाही म्हटलं होतं. म्हणजे टीएमओला प्रश्न बॉल टेकला का असा नव्हताच, प्रश्न होता की बॉल टेकला हे तू नक्की दाखवू शकतोस का. गंमत म्हणजे ऐकणाऱ्यांना आधी वाटलं की हा आता ट्राय देणार, त्याच्या बोलण्याचा सूर तसा होता, मग तो मागे आला. तिथे स्कॉटिश लोक भडकले आणि मला विचाराल तर त्यांचं भडकणं अगदीच चुकीचं नव्हतं. माझं मत, तो बॉल टेकला होता. पण मला वाटणं आणि स्पष्ट पुरावा यात फरक आहे हेही मान्य करावं लागतं, दहीहंडीचा थर कोसळल्यावर सगळ्यात खालच्या गोविंदाचा हात नेमका कुठे आहे हे वरच्या गॅलरीतून सांगा बघू.

कॅमेरा पण फसवतो, हे पटत नाही ना?

माझा भाऊ म्हणतो, डोळ्याला दिसतंय त्यात काय फसवायचं. बरंच काही.

एक तर कोन. भिंतीवरचं घड्याळ बाजूने बघितलं तर काटा एकदोन मिनिटं पुढेमागे दिसतो, समोर उभं राहिलं की बरोबर. गोललाइनीच्या अगदी सरळ रेषेत कॅमेरा नसेल तर बॉल लाइनीवर आहे की अलीकडे हे चित्रातून सांगताच येत नाही. दुसरं म्हणजे चित्र सपाट असतं, बॉलच्या मागे गवत दिसतंय म्हणजे बॉल गवतावर आहे असं नाही, मध्ये कोणाचं तरी मनगट असू शकतं.

तिसरी गोष्ट फॉरवर्ड पासची, यावर तर घराघरात भांडणं. भाईंदरच्या खाडीवरून लोकल जाताना लोक निर्माल्याची पिशवी फेकतात बघा (फेकू नका, खाली पुलावर माणसं जखमी झालीयत). पिशवी तुम्ही सरळ बाहेर टाकली तरी ती सरळ खाली पडत नाही, गाडीबरोबर पुढे पुढे जात पडते, कारण तुमच्या हातात असताना ती गाडीच्या वेगानेच चाललेली होती. थोडीशी मागे भिरकावली तरी जमिनीच्या हिशोबाने ती पुढेच जाणार. जोरात पळणाऱ्या खेळाडूचा पास असाच, त्याने हात मागे फिरवून दिला तरी मैदानावरच्या आडव्या पट्ट्यांच्या हिशोबाने बॉल मीटर दोन मीटर पुढे पकडला जाऊ शकतो, आणि तो पास कायदेशीर असतो. म्हणून टीएमओ पट्ट्या बघत नाही, हात बघतो, बॉल हातातून सुटताना मागे सुटला का पुढे. टीव्हीवर आपण सगळे पट्ट्या बघत ओरडत असतो.

आणि चौथी, स्लो मोशन. सावकाश दाखवलं की सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं. पाव सेकंदात झालेली टक्कर चार सेकंद चालली की वाटतं ह्याला थांबायला किती वेळ होता. यावर अमेरिकेत अभ्यासही झालाय, २०१६ साली छापून आला, तोच प्रसंग सावकाश दाखवला तर बघणाऱ्यांना त्यात हेतू जास्त दिसतो. त्यामुळे टक्कर किती जोरात होती आणि खेळाडूला वेळ किती मिळाला हे ठरवायचं तर खऱ्या वेगात बघावं लागतं, स्लो मोशन फक्त संपर्क नेमका कुठे झाला त्यासाठी.

मग सगळंच का नाही तपासत?

सुरुवातीला टीएमओला फक्त गोललाइनीच्या आसपासचं विचारता यायचं. बॉल टेकला का, पाय बाहेर होता का. २००७ च्या वर्ल्डकप फायनलला इंग्लंडचा मार्क क्वेटो कोपऱ्यात बॉल टेकवून उठला आणि टीएमओ स्टुअर्ट डिकिन्सनने बऱ्याच रिप्लेनंतर सांगितलं की टेकवायच्या आधी पाय लाइनीला लागला. ट्राय गेला, साउथ आफ्रिका १५-६ ने जिंकलं, आणि इंग्लंडमध्ये अजूनही लोक त्या पायाबद्दल बोलतात.

पण त्याच वर्ल्डकपमध्ये दोन आठवडे आधी कार्डिफला न्यूझीलंड-फ्रान्स क्वार्टरफायनल झाली होती. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायच्या आधी त्राय नावाच्या खेळाडूने मिशालाकला दिलेला पास स्पष्ट पुढे होता, घरी बसलेल्या सगळ्यांना दिसला, रेफरी वेन बार्न्सला दिसला नाही आणि टीएमओला बोलायची परवानगीच नव्हती कारण गोष्ट मैदानाच्या मध्यावरची. न्यूझीलंड १८-२० हरलं. तिथल्या लोकांनी बार्न्सला वर्षानुवर्षं माफ केलं नाही.

मग २०१२-१३ पासून दरवाजा थोडा उघडला. ट्रायच्या आधी मागे जाऊन नॉक-ऑन, फॉरवर्ड पास वगैरे बघता येऊ लागलं, पण तेव्हा दोन फेजपर्यंतच. फेज म्हणजे काय, तर बॉलवाला पाडला जातो, त्याच्यावर दोन्हीकडची माणसं जमतात, बॉल बाहेर निघतो आणि पुन्हा खेळ पुढे जातो, ही एक फेरी झाली. धोकादायक खेळाला ही दोनची मर्यादा नव्हती.

का दोनच? कारण कुठेतरी थांबायलाच हवं. रग्बीच्या प्रत्येक गर्दीत बारकाईने बघितलं तर एखादी चूक सापडतेच, आपल्या सोसायटीच्या हिशोबात सापडते तशी, आणि दहा फेज मागे गेलात तर एकही ट्राय शिल्लक राहणार नाही.

पण मर्यादा आखली की काहीतरी तिच्या बाहेर राहणारच. २०१५ ची क्वार्टरफायनल, ट्विकनहॅम, स्कॉटलंड (हो, पुन्हा तेच बिचारे) ३४-३२ ने पुढे, शेवटची दोनेक मिनिटं, रेफरी क्रेग जूबेअरने स्कॉटलंडविरुद्ध ऑफसाइडची (बॉलच्या पुढे उभं राहून खेळात पडल्याची) पेनल्टी दिली, ऑस्ट्रेलियाने किक मारून ३५-३४ ने मॅच काढली. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीनेच सांगितलं की ती पेनल्टी नव्हती, स्क्रम (दोन्हीकडची माणसं एकमेकांत गुंतून बॉलसाठी ढकलतात तो) द्यायला हवा होता. पण ट्राय झालेला नव्हता, धोकादायक खेळ नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे टीएमओला विचारताच आलं नसतं.

आणि उलटीही गोष्ट. २०२३ ची फायनल, पॅरिस, न्यूझीलंडच्या आरन स्मिथने ट्राय केला, टीएमओ टॉम फोलीने मागचा एक नॉक-ऑन दाखवला आणि ट्राय रद्द झाला. नॉक-ऑन झाला होता का, तर झाला होता. पण तो दोन फेजांच्याही आधीचा होता. न्यूझीलंड एका गुणाने हरलं, ११-१२. रेफरी कोण? वेन बार्न्सच. २००७ मध्ये टीएमओ बोलू शकला नाही म्हणून न्यूझीलंडवाले चिडले, २०२३ मध्ये बोलला म्हणून.

कार्डं आणि बंकर

टीएमओचा वेळ खाणारा सगळ्यात मोठा विषय ट्राय नाही, डोक्याला लागलेले टॅकल आहेत, टॅकल म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं. यामागे कारण गंभीर आहे. इंग्लंडच्या २००३ च्या वर्ल्डकप विजेत्या टीममधला स्टीव्ह थॉम्पसन याने २०२० साली जाहीर सांगितलं की त्याला तरुणपणीच डिमेन्शिया झालाय आणि तो वर्ल्डकप जिंकल्याचं त्याला आठवत नाही. त्याच्यासारखे अनेक माजी खेळाडू कोर्टात गेले. डोक्याला मार लागेल असा टॅकल म्हणजे कडक शिक्षा हे धोरण त्याच्या थोडं आधीपासूनच सुरू झालं होतं, मग ते आणखी घट्ट झालं. आता रेफरी ठरलेल्या क्रमाने बघतो, डोक्याला संपर्क झाला का, चूक टॅकल करणाऱ्याची का, धोका किती, आणि सूट द्यायला काही कारण आहे का, म्हणजे समोरचा ऐनवेळी खाली वाकला वगैरे.

हे सगळं मैदानावर उभं राहून मोठ्या स्क्रीनकडे बघत करायचं तर पाच पाच मिनिटं जायची, ऐंशी हजार लोक ओरडत असताना. म्हणून २०२३ मध्ये बंकर आला. नाव युद्धातलं वाटतं पण ती एक खोलीच आहे, तिथे आणखी एक अधिकारी फक्त धोकादायक खेळाचे रिप्ले बघायला बसतो. रेफरीला किमान यलो कार्डाचं नक्की वाटतंय पण रेडचं नाही, तर तो यलो दाखवतो, दोन्ही हातांची छातीसमोर फुली करतो आणि खेळ पुढे सुरू. खेळाडू दहा मिनिटांसाठी बाहेर जाणारच असतो, बंकरला जास्तीत जास्त आठ मिनिटं. कुकर मागच्या शेगडीवर ठेवायचा आणि पुढच्या शेगडीवर पोळ्या चालू ठेवायच्या, शिट्टी झाली की बघू, असा हिशोब.

त्याच फायनलमध्ये न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन असा बाहेर गेला, त्याचं यलो रेड झालं, पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमधलं पहिलं रेड. साउथ आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसीचंही डोक्याला डोकं लागलं, त्याचं यलो यलोच राहिलं. दोन कॅप्टन, दोन टकरी, दोन निकाल, एका गुणाची मॅच. दोन्हींची कारणं समजावून सांगता येतात, केनकडे टॅकल बदलायला वेळ होता आणि जोर जास्त होता वगैरे, पण न्यूझीलंडमधल्या कुठल्याही पबमध्ये जाऊन हे समजवायची माझी तयारी नाही.

त्या रेडमुळे न्यूझीलंड अर्ध्याहून जास्त मॅच एक माणूस कमी घेऊन खेळलं. अशाने मॅचच बिघडते म्हणून आता सिक्स नेशन्ससारख्या (युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) स्पर्धांत वीस मिनिटांचं रेड आलंय, तो खेळाडू परत येत नाही पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. अगदी जाणूनबुजून मारामारी केली तर पूर्ण रेड अजून आहेच.

वेळ किती जातो, आणि टीव्हीवाल्यांचं काय

वेळेची तक्रार खरी आहे. २०२१ मध्ये लायन्स संघ (ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा) साउथ आफ्रिकेत होता, पहिल्या टेस्टनंतर साउथ आफ्रिकेचा रग्बी डायरेक्टर रासी एरास्मसचा रेफरिंगच्या चुका दाखवणारा तब्बल ६२ मिनिटांचा व्हिडिओ बाहेर आला (नंतर त्याच्यावर बंदीही आली). आणि दुसऱ्या टेस्टचा नुसता पहिला हाफ तासाच्या वर चालला, चाळीस मिनिटांचा हाफ. त्यात टीएमओ मारियस योंकर स्वतः साउथ आफ्रिकेचा, कारण कोविडमुळे न्यूझीलंडहून येणारा येऊ शकला नव्हता. तो बायस्ड होता असं मी म्हणत नाही, पण लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच.

सुपर रग्बी, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडची क्लब स्पर्धा, तिच्यावाल्यांना हे थांबणं फार खुपतं, त्यांनी २०२३ पासून टीएमओने मध्येच बोलणं बरंच कमी केलं, गंभीर आणि अगदी उघड गोष्ट असेल तरच.

टीव्हीचा डायरेक्टर घरच्या टीमला सोयीचे रिप्ले दाखवतो, ही जुनी ओरड. मैदानावरच्या स्क्रीनवर रिप्ले आला की प्रेक्षक बोंबलतात आणि रेफरीवर दबाव येतो, हे खरंच होतं. पण टीएमओ आता डायरेक्टर काय दाखवतो त्यावर अवलंबून नसतो, त्याच्याकडे कॅमेऱ्यांचं चित्र थेट येतं आणि हवा तो कोन तो स्वतः मागतो.

मग टीमलाच रिव्ह्यू द्या ना, डीआरएससारखा? करून बघितलंय. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या सुपर रग्बी आओटेआरोआमध्ये कॅप्टन्स चॅलेंज होता. रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांचा भाऊबंद खेळ, तिथे ऑस्ट्रेलियात तो २०२० पासून रुळलाय. युनियनमध्ये मात्र तो तसा सगळीकडे रुळला नाही. अडचण अशी की क्रिकेटमध्ये प्रत्येक बॉलनंतर खेळ आपोआप थांबतो, रग्बीत थांबत नाही, आणि दमलेल्या टीमला श्वास घ्यायला चॅलेंज म्हणजे आयतं निमित्त.

आणि खालच्या पातळीवर यातलं काहीच नाही हेही सांगायला हवं. बॉम्बे जिमखान्यावर चिखलात खेळणाऱ्या पोरांना रेफरी बोलला ते फायनल.

पण त्या माणसांचं काय होतं

टॉम फोलीने २०२३ च्या फायनलनंतर साधारण महिन्याभरात आंतरराष्ट्रीय रग्बी सोडली. त्याला आणि घरच्यांना इतक्या शिव्या आणि जिवे मारायच्या धमक्या आल्या. बार्न्सने तर फायनलनंतर लगेच निवृत्ती घेतली, त्याच्याही कुटुंबाला तेच भोगावं लागलं होतं.

हे मी आतेभावाला सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, धमक्या वगैरे नालायकपणा आहे, ते सगळं मान्य, प्रश्न कसा विचारला तेही कळलं, कोन कळला, मनगट कळलं. फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत मेसेज आला, तोच फोटो, या वेळी झूम केलेला, आणि लाल गोलाशेजारी एक बाणही काढलेला.